निरोप्या, दफ्तर आणि कुलूप

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते बी. ए., बी. एड. असून माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत.)



माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय काहीसा रुक्ष वाटण्यासारखा आहे. वेब-ॲपला मागच्या सर्व्हरशी जोडणारी जी लायब्ररी असते ती कशी बसवावी, हा तो विषय. इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकाने हा विषय का निवडावा, असे आपणांपैकी काहींना वाटेल. कारण सरळ आहे. आपल्या संस्थेकडे दरवर्षी शिष्यवृत्तीसाठी अर्ज येतात. आजवर ते कागदावर येत. पुढील वर्षापासून ते ऑनलाइन घ्यावेत अशी सूचना आली असून, आपल्याच काही माजी विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी त्यासाठी ॲप तयार करण्याचे काम अंगावर घेतले आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या अर्जात काय असते याचा क्षणभर विचार करा. विद्यार्थ्याचे नाव, पत्ता, फोन, वडिलांचे उत्पन्न, घरात कमावणारे किती, वडील हयात आहेत की नाहीत, परीक्षेतील गुण आणि बँकेचा खाते क्रमांक. म्हणजे एका घराची सारी झाकली मूठ! ही मूठ ज्या कपाटात जाणार, त्याला कुलूप कोण लावतो आणि ते लागले आहे की नाही हे कसे पाहावयाचे, हे विद्यार्थ्यांनी तर शिकलेच पाहिजे; पण पालकांनाही ते समजले पाहिजे. आज मी तेवढेच सांगणार आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. वेब-ॲप म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कार्यक्रम. आपण मोबाइलवर किंवा संगणकावर एखादा पत्ता उघडतो, तेव्हा त्या पानाची मांडणी आणि जावास्क्रिप्ट भाषेतील सूचना आपल्या यंत्रात उतरतात आणि तेथेच चालतात. हा झाला पुढचा भाग. पण तुमचा अर्ज तुमच्याच मोबाइलमध्ये राहिला, तर समितीला तो दिसणार कसा? तो कोठेतरी दूरच्या संगणकावर साठवावा लागतो. तेथे माहितीची कपाटे असतात, माणसाची ओळख पटवण्याची व्यवस्था असते, फाइली ठेवण्याची जागा असते. या मागच्या भागाला बॅकएंड म्हणतात. मागणी करणारा पुढचा भाग तो क्लायंट, आणि मागणी पुरवणारा मागचा भाग तो सर्व्हर.

आता लायब्ररी. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. एखादे काम करण्यासाठी दुसऱ्या कुणी आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या सूचनांचा जो गठ्ठा, त्याला संगणकाच्या व्यवसायात लायब्ररी म्हणतात. आपण तो आपल्या ॲपमध्ये बसवतो आणि त्याच्याकडून काम करून घेतो. क्लायंट लायब्ररी म्हणजे क्लायंटच्या बाजूला राहून सर्व्हरशी बोलणारा असा गठ्ठा.

तहसील कचेरीत ज्यांनी कधी दाखल्यासाठी खेपा घातल्या आहेत, त्यांना हे पटकन समजेल. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, सोबत काय जोडायचे, पोच कोणती घ्यायची, साहेब जेवायला गेले असतील तर पुन्हा केव्हा यायचे, हे सारे ठाऊक असलेला एक निरोप्या मिळाला तर आपले काम किती हलके होईल! क्लायंट लायब्ररी म्हणजे असा निरोप्या. ती नसेल तर प्रत्येक मागणी आपणच इंटरनेटच्या ठरलेल्या नमुन्यात लिहायची, तीत ओळखीचे टोकन जोडायचे, उत्तर आले की त्यातून हवे ते वेचायचे, जोडणी तुटली तर पुन्हा प्रयत्न करायचा. हे हाताने करता येत नाही असे नाही; विद्यार्थ्याने एकदा ते करून पाहावे असेच मी म्हणेन. पण रोजच्या कामात ते पुनःपुन्हा लिहिण्यात वेळ जातो आणि चुका होतात.

उदाहरणादाखल मी फायरबेस ही सेवा घेतो, कारण आपल्या विद्यार्थ्यांनीही तीच निवडली आहे. तिची जन्मकथा बोधप्रद आहे. जेम्स टॅम्पलिन आणि अँड्र्यू ली यांची आधीची कंपनी दुसऱ्यांच्या संकेतस्थळांना गप्पांची, म्हणजे चॅटची, सोय पुरवीत असे. त्यांच्या लक्षात आले की काही लोक त्या सोयीचा उपयोग गप्पांसाठी न करता आपल्या ॲपची इतर माहिती तत्काळ इकडून तिकडे पाठवण्यासाठी करीत आहेत. लोकांना गप्पांपेक्षा त्यामागील निरोप्याची गरज अधिक होती! मग त्यांनी तो भाग वेगळा काढला आणि २०११ मध्ये फायरबेस ही कंपनी स्थापन झाली. २०१४ मध्ये गूगलने ती विकत घेतली. २०१७ मध्ये तिच्यात फायरस्टोअर नावाचा माहितीसाठा आला. आपले अर्ज जाणार आहेत ते या फायरस्टोअरमध्ये.

आता प्रत्यक्ष बसवण्याचे काम. विद्यार्थ्यांनी येथे वही उघडावी.

पहिली पायरी फायरबेसच्या संकेतस्थळावर प्रकल्प निर्माण करण्याची. येथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. हा प्रकल्प कोणा एका विद्यार्थ्याच्या खाजगी खात्यावर काढू नये. तो मुलगा उद्या नोकरीसाठी आखाती देशात गेला, त्याचा पासवर्ड हरवला, तर संस्थेचे दफ्तर त्याच्याबरोबर गेले असे समजा. खाते संस्थेचे असावे आणि प्रकल्पाचे मालक म्हणून किमान दोन जबाबदार व्यक्तींची नोंद असावी.

दुसरी पायरी माहितीसाठ्याची जागा निवडण्याची. गूगलची केंद्रे जगभर आहेत; भारतात मुंबई आणि दिल्ली येथे आहेत. माहितीसाठा उघडताना ही जागा विचारली जाते आणि एकदा निवडली की त्या साठ्यासाठी ती बदलता येत नाही. घाईत पहिले दिसेल ते नाव निवडून पुढे जाऊ नये. आपले अर्जदार महाराष्ट्रातले, तेव्हा मुंबई जवळची.

तिसरी पायरी प्रकल्पात वेब-ॲपची नोंद करण्याची. ती केली की सहा-सात ओळींचा एक मजकूर मिळतो. त्यात प्रकल्पाचे नाव, ओळख पटवण्याच्या जागेचा पत्ता, ॲपचा क्रमांक आणि एपीआय-की अशा गोष्टी असतात. याला कॉन्फिग म्हणतात. आमच्या निरोप्याला कोणत्या कचेरीत जायचे आणि कोणत्या खात्याचे नाव सांगायचे, याची ही चिठ्ठी. हिच्याविषयी पुढे बोलायचे आहे, म्हणून लक्षात ठेवा.

चौथी पायरी लायब्ररी आणण्याची. संगणकावर नोड-जेएस बसवलेले असले की एनपीएम नावाच्या साधनाला एक ओळीची आज्ञा देऊन फायरबेसची लायब्ररी उतरवून घेता येते. पॅकेजचे नाव अक्षर न् अक्षर तपासावे. प्रसिद्ध नावाशी मिळतीजुळती नावे ठेवून फसवी पॅकेजेस पसरवणारे लोकही या बाजारात आहेत.

पाचवी पायरी जोडणीची. आपल्या कार्यक्रमात प्रथम इनिशिअलाइझ-ॲप हे काम मागवून त्याला ती कॉन्फिगची चिठ्ठी द्यायची. त्यातून जे ॲप हाती येते, ते गेट-फायरस्टोअर या कामाला दिले की माहितीसाठ्याची वाट खुली होते. गेट-ऑथ या कामाला दिले की लॉग-इनची वाट खुली होते. एवढेच. खरोखर चार-पाच ओळींत निरोप्या कामावर रुजू होतो.

येथे विद्यार्थ्यांचे दोन ठिकाणी हमखास अडते. २०२१ मध्ये या लायब्ररीची नववी आवृत्ती आली आणि लिहिण्याची पद्धत बदलली. पूर्वी सगळा गठ्ठा एकदम उचलावा लागे. आता जे काम हवे तेवढेच नाव घेऊन मागवता येते आणि न वापरलेला भाग ॲप बांधताना गाळला जातो. कमी किमतीचा मोबाइल आणि मोजका डेटा असणाऱ्या अर्जदाराला याचा मोठा लाभ आहे, कारण पान हलके होते. परंतु जुने धडे अजून सर्वत्र आढळतात. मुले अर्ध्या ओळी जुन्या धड्यातून आणि अर्ध्या नव्यातून घेतात, आणि मग चूक कोठे आहे ते सापडत नाही. धडा उघडला की आधी आवृत्ती पाहावी. दुसरे असे की, ही जोडणी ॲपमध्ये एकाच फाइलमध्ये, एकदाच करावी. बाकीच्या पानांनी त्या फाइलकडून निरोप्या मागून घ्यावा. प्रत्येक पानावर नवा निरोप्या नेमला तर गोंधळ माजतो.

एकाच फाइलचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. पार्स नावाची अशीच एक सेवा होती. २०१३ मध्ये ती फेसबुकने विकत घेतली, आणि जानेवारी २०१६ मध्ये वर्षभरात ती बंद करण्याचे जाहीर केले. २०१७ च्या जानेवारीत ती बंद झाली. तिच्यावर विसंबलेल्या ॲपवाल्यांना त्या मुदतीत आपले दफ्तर हलवावे लागले. तिचा सर्व्हर मुक्तपणे वापरता येईल असा खुला करण्यात आला, म्हणून अनेकांचे निभावले. तथापि धडा स्पष्ट आहे. परक्याच्या जागेत दुकान थाटले तर जागा सोडण्याची तयारीही ठेवावी. ज्यांच्या ॲपमध्ये निरोप्याशी होणारे सारे बोलणे एका जागी असते, त्यांना निरोप्या बदलणे सोपे जाते. उद्या फायरबेसऐवजी सुपाबेस घ्यायचे ठरले, तर तेथेही प्रकल्पाचा पत्ता आणि एक की देऊन निरोप्या कामावर घ्यायचा असतो. कपाटाची रचना मात्र वेगळी आहे, तेव्हा माहिती नव्याने लावावी लागेल. पण ॲपची सगळी पाने तरी खोदावी लागणार नाहीत.

पालकहो, आतापर्यंतचा भाग मुलांचा होता. आता जो भाग सांगतो तो तुमचा आणि आमचा सर्वांचा आहे.

मघाशी सांगितलेल्या चिठ्ठीत एपीआय-की असते. की म्हणजे किल्ली, असे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे दोन टोकांच्या समजुती होतात. काहीजण ती दिसली की घाबरतात: पानावर किल्ली उघडी पडली, आता चोर येणार! काहीजण ती कुठेतरी दडवून ठेवतात आणि माहिती सुरक्षित झाली असे मानतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. फायरबेसच्या वेब-ॲपमधील ही की फक्त प्रकल्पाची ओळख सांगते. कचेरीच्या दारावरची पाटी म्हणा. ब्राउझरमध्ये जे जे उतरते ते ते कोणालाही वाचता येते. त्यात दडवून ठेवण्यासारखे काही नसतेच. याउलट, सर्व्हिस अकाउंटची की म्हणून एक वेगळी वस्तू असते. ती सर्व्हरवरील कार्यक्रमांसाठी असते आणि तिला कपाटाचे सर्व कप्पे उघडे असतात. ती वेब-ॲपमध्ये घालणे किंवा गिटहबवर सर्वांसमोर ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली चौकात टांगणे होय. दुसऱ्या सशुल्क सेवांच्या गुप्त चाव्यांनाही हाच न्याय लागू आहे. कोणती की पाटी आहे आणि कोणती किल्ली आहे, हा फरक ज्याला सांगता येत नाही, त्याने अजून ॲप लोकांसमोर ठेवू नये.

मग कुलूप कोठे आहे? ते सर्व्हरवर, कपाटाच्या शेजारी आहे. त्याला सिक्युरिटी रूल्स, म्हणजे सुरक्षेचे नियम, म्हणतात. निरोप्या मागणी घेऊन गेला की तेथला दफ्तरदार नियम वाचतो: मागणारा कोण, कोणता कागद मागतो, वाचायला मागतो की बदलायला? नियमात बसले तर कागद देतो, नाही तर परत पाठवतो. निरोप्या कितीही हुशार असला तरी हा निर्णय त्याचा नाही. आणि नियम कोणी लिहायचे? ते गूगल लिहून देत नाही, लायब्ररी लिहून देत नाही. ते ॲप बनवणाऱ्याने लिहायचे असतात.

माहितीसाठा प्रथम उघडताना दोन पर्याय पुढे येतात. एकात सारे बंद असते आणि आपण एकेक दार उघडायचे. दुसरा सरावासाठीचा, टेस्ट मोड. यात तीस दिवस सर्वांना सारे खुले असते. शिकणारा साहजिकच दुसरा घेतो, कारण काम लगेच चालू लागते. तीस दिवस संपले की ॲप अडते. मग घाईघाईने कोठून तरी एक ओळ उतरवून घेतली जाते, जिचा अर्थ "कोणालाही, केव्हाही, काहीही करू द्या" असा असतो. ॲप पुन्हा सुरळीत चालू लागते आणि सर्वांना आनंद होतो. अशा ॲपवर आलेले अर्ज म्हणजे रस्त्यावर मांडलेले अर्ज. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला माणूस ती पाटी वाचून, आपला स्वतःचा निरोप्या पाठवून ते घेऊन जाऊ शकतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. नियम लिहिलेला असतो, पण तो असा की "लॉग-इन केलेल्या कोणालाही वाचू द्या." ऐकायला बरे वाटते. परंतु आपल्या ॲपवर खाते कोणीही काढू शकतो. म्हणजे अ ने खाते काढले की त्याला ब, क, ड या सर्वांच्या वडिलांचे उत्पन्न वाचता येते. खरा नियम असा हवा: लॉग-इन केलेल्या व्यक्तीचा क्रमांक आणि अर्जाच्या कागदाचा क्रमांक एकच असेल, तरच तो कागद त्याला मिळावा. छाननी समितीच्या सभासदांच्या ओळखीवर वेगळी खूण असावी. ही खूण सर्व्हरच्या बाजूनेच मारता येते, कोणी आपल्या हाताने आपल्या कपाळावर मारून घेऊ शकत नाही.

तिसरी चूक पाहा. अर्जाच्या कागदावरच "मंजूर रक्कम" असा रकाना ठेवला आणि अर्जदाराला आपला कागद बदलण्याची पूर्ण मुभा दिली. मग ज्याला थोडे जावास्क्रिप्ट येते तो आपली शिष्यवृत्ती आपणच मंजूर करून घेईल! तो रकाना पानावर दाखवला नाही, बटण लपवले, म्हणून काही अडत नाही. पानावर लपवणे हा पडदा आहे, कुलूप नव्हे. समितीचा निर्णय वेगळ्या कप्प्यात ठेवावा आणि त्या कप्प्यात लिहिण्याची परवानगी समितीलाच असावी.

मी उगाच भीती घालतो आहे असे वाटू नये, म्हणून एक अलीकडची घटना सांगतो. अमेरिकेत "टी" नावाचे एक ॲप आहे. डेटिंगमधील फसवणुकीपासून स्त्रियांनी एकमेकींना सावध करावे म्हणून ते निघाले. नाव नोंदवताना स्त्रियांकडून त्यांचा फोटो, आणि काहींकडून ओळखपत्राचा फोटो घेतला जाई. जुलै २०२५ मध्ये त्यातील सुमारे ७२,००० चित्रे बाहेर पडली. त्यांपैकी सुमारे १३,००० ही चेहऱ्यांची व ओळखपत्रांची होती. ती फायरबेसच्याच एका असुरक्षित फाइल-साठ्यात होती, असे बातम्यांतून समोर आले. स्त्रियांच्या सुरक्षेसाठी काढलेल्या ॲपनेच स्त्रियांना उघडे पाडले! हेतू चांगला असणे पुरेसे नसते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? आपला हेतूही चांगलाच आहे. म्हणूनच मी हे सांगतो आहे.

तेव्हा माझी संस्थेला नम्र सूचना अशी की, ॲप खुले करण्यापूर्वी खोटी नावे व खोटे आकडे भरून, पदाधिकाऱ्यांसमोर तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली: लॉग-इन न करता एखादा अर्ज वाचण्याचा प्रयत्न करावा. दुसरी: एका अर्जदाराच्या नावाने लॉग-इन करून दुसऱ्याचा अर्ज मागावा. तिसरी: अर्जदाराच्या नावाने मंजूर रक्कम लिहिण्याचा प्रयत्न करावा. हे प्रयत्न ॲपच्या पानावरून न करता सरळ लायब्ररीला आज्ञा देऊन करावेत, कारण चोर पानावरून येत नसतो. तिन्ही वेळा "परवानगी नाही" असेच उत्तर आले पाहिजे. परीक्षेत नापास होणे हेच येथे यश आहे! या सरावासाठी फायरबेसचा एम्युलेटर मिळतो. तो आपल्याच संगणकावर नकली सर्व्हर उभा करतो; खऱ्या माहितीला धक्का लागत नाही आणि खर्चही येत नाही.

आता सायबर कॅफेचा प्रश्न. आपले पुष्कळ अर्जदार कॅफेत किंवा शेजाऱ्याच्या संगणकावर अर्ज भरतात. फायरबेसची लॉग-इन व्यवस्था, वेगळे सांगितले नाही तर, ब्राउझर बंद केल्यावरही माणसाला आत ठेवते. घरच्या मोबाइलवर ही सोय. कॅफेत मात्र पुढच्या गिऱ्हाइकापुढे आपला अर्ज उघडा राहतो. निरोप्याला सांगता येते की ओळख फक्त खिडकी उघडी असेपर्यंत ठेव. हे एका ओळीचे काम आहे आणि ते झालेच पाहिजे. त्याचप्रमाणे इंटरनेट नसताना काम चालावे म्हणून माहितीची प्रत यंत्रावर साठवण्याची सोय लायब्ररीत आहे. वेबवर ती आपोआप चालू नसते. आपण चालू करावी लागते. सार्वजनिक यंत्रांवर भरल्या जाणाऱ्या अर्जासाठी ती चालू करू नये, असे माझे मत आहे.

खर्चाविषयी थोडक्यात. फायरस्टोअर दिवसाला ५०,००० वाचने आणि २०,००० लेखने फुकट देते. एक कागद वाचला की एक वाचन. समजा ६०० अर्ज आले आणि समितीचे पान उघडताच सर्वच्या सर्व मागवू लागले, तर एकदा उघडण्याला ६०० वाचने झाली. ८३ वेळा उघडले की ४९,८०० झाली. चौऱ्याऐंशीव्या वेळी मर्यादा ओलांडली. फुकट योजनेत मग काम अडते, आणि नवा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे दुपारी साडेबारा किंवा दीडच्या सुमारास सुरू होतो. म्हणून एका वेळी वीस-पंचवीसच अर्ज मागवावेत. सत्पात्री खर्च करणाऱ्या संस्थेने वाचनेही काटकसरीने वापरावीत.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. आपले बहुतेक अर्जदार याच वयाचे. म्हणून पालकांची संमती हा अर्जाचा भाग असावा, जेवढी माहिती लागते तेवढीच विचारावी, आणि काम संपल्यावर ती किती दिवस ठेवायची हे आधीच ठरवावे. जो कागद आपण ठेवलाच नाही, तो हरवण्याचा प्रश्नच येत नाही.

पालकांपैकी काहीजण विचारतात, आमच्या मुलाने हे शिकावे का? मी म्हणतो, अवश्य. मुलीने तर आवर्जून शिकावे. यासाठी लागणारी साधने फुकट मिळतात. एक साधा संगणक आणि अधूनमधून इंटरनेट पुरते. घरी बसून सराव करता येतो. परंतु मुलगा "माझे ॲप चालू झाले" असे सांगत आला की, शाबासकी देऊन त्याला एक प्रश्न जरूर विचारा: "तुझ्या ॲपमध्ये कोणाला काय दिसू नये, आणि ते दिसत नाही हे तू कसे तपासलेस?" हा प्रश्न विचारायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. ज्या आईने कधी कीबोर्डला हात लावला नाही, तीही तो विचारू शकते. आणि विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता येते, त्यालाच हे काम आले असे मी मानतो. चार ओळी उतरवून जोडणी करणे कोणालाही साधते. नियम मात्र विचार करूनच लिहावे लागतात.

गरजू विद्यार्थी आपल्या घराची अडचण संस्थेला सांगतो, ती विश्वासाने. ती आपल्याकडे अमानत असते. लोखंडी कपाटात होती तेव्हा तिची किल्ली आपल्या कारकुनाच्या कमरेला असे आणि आपण निर्धास्त असू. आता कपाट दूर मुंबईच्या केंद्रात असेल, निरोप्या परक्या कंपनीचा असेल, पण अमानत आपलीच राहील आणि जबाबही आपल्यालाच द्यावा लागेल. ऑनलाइन अर्जाची सूचना आपण मान्य करावी, असेच माझे मत आहे; गावोगावच्या मुलांचा एस.टी.चा खर्च आणि दिवसाची खोटी त्यामुळे वाचेल. मात्र त्या तीन परीक्षा झाल्याशिवाय एकाही मुलाचे नाव त्यात भरले जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.